‘पत्र काही छान नव्हतं’: एका ओळखीच्या शब्दानं अडवलेली तालीम

पार्श्वभूमी

पुण्यातली एक हौशी नाट्यसंस्था. दिवसभर नोकऱ्या करायच्या आणि संध्याकाळी साडेसातनंतर शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या पसरून तालमी करायच्या, अशी माणसं. त्या वर्षी दिग्दर्शकानं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ करायचं ठरवलं. संस्थेचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. जो तो आपापल्या कामानं ओळखला जाईल. माझं काम संहिता सांभाळायचं होतं, म्हणजे अनुवाद वाचून पाहणं, तालमीत बदललेल्या ओळी प्रॉम्प्टरच्या प्रतीत उतरवून घेणं आणि कुठे काही खटकलं तर सांगणं.

शेक्सपिअर मराठीला नवा नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं, आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं ते १८८३ साली, देवलांचं ‘झुंझारराव’ त्यानंतरचं. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ तर अजून अनेकांच्या कपाटात असतो. आम्हाला मात्र नवा, बोलीतला, गद्य अनुवाद हवा होता. पात्रं इटलीतल्या व्हेरोनातच राहणार, नावं तीच, फक्त बोलणं आजच्या घरातलं. हे काम आमच्यातल्याच एका तरुणानं अंगावर घेतलं. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, इंग्रजी अगदी सफाईदार, मराठीचा कान चांगला. चार महिने रात्री जागून त्यानं पाचही अंक पुरे केले. मूळ म्हणून त्यानं वापरली ती फोनवर वाचता येणारी, तळटिपा नसलेली प्रत. त्या वेळी याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

वाचन झालं तेव्हा सगळे खूश होते. ज्युलिएटची दाई तर त्यानं अशी उतरवली होती, की काकू (आमच्या प्रॉम्प्टर, निवृत्त शिक्षिका) वाचता वाचता दोनदा हसून थांबल्या.

अडचण कुठे आली

पाचव्या अंकाच्या तालमीला. दुसरा प्रवेश अगदी छोटा आहे. पाद्री लॉरेन्सनं सगळा बेत एका पत्रात लिहून मँटुआला रोमिओकडे धाडलेला असतो: ज्युलिएट मेलेली नाही, औषधानं झोपली आहे, तू ये आणि तिला घेऊन जा. पत्र घेऊन निघालेला पाद्री जॉन परत येतो आणि सांगतो, की मला जाताच आलं नाही. ज्या घरात तो सोबतीला दुसऱ्या पाद्र्याला शोधायला गेला, तिथे प्लेगचा संशय आला आणि गावाच्या तपासनिसांनी दारं बंद करून टाकली. पत्र दुसऱ्या कुणाबरोबर पाठवायचं म्हटलं, तर साथीच्या भीतीनं ते हातात घ्यायलाही कुणी तयार नव्हतं. ते तसंच परत आलं आहे.

यावर लॉरेन्स म्हणतो, ‘द लेटर वॉज नॉट नाइस, बट फुल ऑफ चार्ज, ऑफ डिअर इम्पोर्ट.’ आमच्या संहितेत होतं: ‘देवा रे! पत्र काही छान नव्हतं, पण जबाबदारीनं भरलेलं होतं, प्रिय आशयाचं होतं.’

लॉरेन्सचं काम करणारे काका बँकेतून निवृत्त झालेले. पाठांतर चोख, आणि न समजलेलं वाक्य तोंडातून काढायचं नाही हा त्यांचा बाणा. ते थांबले आणि म्हणाले, “पत्र छान नव्हतं, तर ते पोचलं नाही म्हणून हा एवढा का कळवळतो? उलट बरंच झालं की!”

दिग्दर्शक म्हणाला, “काका, ‘छान नव्हतं’ म्हणजे त्यात वाईट बातमी होती, असं धरा.”

“पण वाईट बातमी कुठेय त्यात? पोरगी जिवंत आहे हे लिहिलंय ना त्यानं?”

हॉल गप्प झाला. काकांचं म्हणणं बरोबर होतं. त्या पत्रासारखी चांगली बातमी सबंध नाटकात दुसरी नाही.

अनुवादक म्हणाला, “ओळ तशीच आहे. नॉट नाइस.” त्यानं फोन काढून दाखवला. ओळ तशीच होती.

त्या संध्याकाळी ती ओळ गाळून पुढे जायचं ठरलं. मी घरी आले आणि टिपा असलेली छापील प्रत काढली. त्या शब्दापुढे बारीक अक्षरात अर्थ दिला होता: क्षुल्लक. पत्र क्षुल्लक नव्हतं, महत्त्वाच्या मजकुरानं भरलेलं होतं. ‘डिअर’ म्हणजे इथे प्रिय नव्हे. मोलाचं, जिवावर बेतणारं. म्हणजे एका ओळीत दोन साधे, पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असलेले शब्द, आणि दोन्ही आम्ही उलटे वाचले होते.

त्या शब्दाचा प्रवास

दोन दिवसांनी अनुवादक, काकू आणि मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो. तिथे ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे खंड आहेत. या कोशाची रीत माहीत असणं इथे उपयोगाचं आहे. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीनं १८५७ साली त्याची कल्पना मांडली, पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ साल उजाडलं. जेम्स मरी हे त्याचे सर्वांत परिचित संपादक. हजारो हौशी वाचकांनी जुनी पुस्तकं वाचून, कागदाच्या चिठ्ठ्यांवर वाक्यं उतरवून धाडली. त्या चिठ्ठ्यांवरून प्रत्येक शब्दाचे अर्थ काळाच्या क्रमानं लावले गेले. आज काय अर्थ आहे ते शेवटी. आधी जन्म कुठला आणि वाट कुठली.

‘नाइस’चं पान उघडलं. मूळ लॅटिन ‘नेस्कियुस’, म्हणजे न जाणणारा, अज्ञ. ‘स्किरे’ म्हणजे जाणणं. ‘सायन्स’ हा शब्द त्याच ‘स्किरे’तून आला. म्हणजे सायन्स आणि नाइस एकाच घरातले. एक जाणण्याचा, दुसरा न जाणण्याचा. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द १३००च्या सुमारास इंग्रजीत शिरला तेव्हा अर्थ होता मूर्ख, अडाणी.

तिथून तो कसा सरकला ते बघताना काकूंनी पेन्सिलीनं वहीत एकाखाली एक मराठी शब्द लिहिले. मूर्ख. मग छचोर. मग त्याच्या उलट, लाजाळू, आढेवेढे घेणारा. त्यातून नखरेल, नाकं मुरडणारा. नाकं मुरडणारा तोच चोखंदळ. चोखंदळ माणसाला लागतं ते नाजूक, नेमकं. नेमक्यातून सूक्ष्म, दोन गोष्टींतला बारीक फरक दाखवायला ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात, ते इथलं. आणि फार सूक्ष्म ते दिसेनासं, म्हणून क्षुल्लक. ‘छान, आवडण्याजोगं’ हा अर्थ रुळला तो अठराव्या शतकात, म्हणजे शेक्सपिअर जाऊन दीडशेच्या आसपास वर्षं झाल्यावर. १८१७च्या अखेरीस आलेल्या जेन ऑस्टिनच्या एका कादंबरीत तर नायक नायिकेला यावरूनच चिडवतो, की हा शब्द आता कशालाही चालतो.

पायऱ्या इतक्या सरळ लागत नाहीत, हेही सांगायला हवं. कोशकारांनीच त्या नोंदीत म्हटलं होतं, की सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पुष्कळ वाक्यांत लेखकाला नेमका कोणता अर्थ हवा होता हे सांगणं कठीण आहे. सत्तर वर्षं खपून केलेला कोश ‘कठीण आहे’ असं छापतो, याचं मला मोठं अप्रूप वाटलं, आणि धीरही आला.

काकू वहीकडे बघत म्हणाल्या, “आपल्याकडे ‘बारीक’ तेच करतो की. बारीक काम म्हटलं तर सोनाराचं कौतुक. बारीकसारीक तक्रारी म्हटलं तर किंमत शून्य.”

मला ते वाक्य अजून आठवतं, कारण तोवर आम्ही हे इंग्रजीचं विचित्रपण समजत होतो. शब्द तोच, सूक्ष्म म्हणून मोलाचा आणि सूक्ष्म म्हणूनच बिनमोलाचा. ही वळणं ‘बारीक’ आपल्या घरात रोज घेतो.

अडचण एका ओळीची नव्हती

ग्रंथालयातून बाहेर पडताना अनुवादक गप्प होता. मग म्हणाला, “ताई, तिसऱ्या अंकातपण आहे हा.”

होता. रोमिओचा मित्र मर्क्युशिओ आणि ज्युलिएटच्या घराण्यातला टिबॉल्ट दोघे मरून पडल्यावर राजा विचारतो, सुरुवात कुणी केली? बेनव्होलिओ सांगतो, की रोमिओ टिबॉल्टशी गोडीनं बोलला, ‘हाऊ नाइस द क्वॉरल वॉज’ याचा विचार कर म्हणाला. भांडण किती क्षुल्लक आहे ते बघ, असं. आमच्या संहितेत काय होतं? ‘काय छान भांडण उकरून काढलंस, असं रोमिओ त्याला म्हणाला.’

इथे त्याला अर्थ बसेना म्हणून त्यानं तो उपरोध धरला होता. वाचनात ते वाक्य कुणालाच खटकलं नव्हतं; उलट तरुण पोराच्या तोंडी शोभतंय असंच वाटलं होतं. पण त्यानं प्रवेशाचा कणाच वाकत होता. बेनव्होलिओ मित्राचा जीव वाचवायला सांगतो आहे, की रोमिओ शांतपणे समजावत होता, आणि आमचा रोमिओ टिबॉल्टला डिवचत होता. राजा त्याला मृत्युदंडाऐवजी हद्दपारी का देतो, याला मग आधार उरत नाही.

पाचव्या अंकातली चूक निदान ओरडून सांगत होती. तिसऱ्या अंकातली गोड दिसत होती.

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. ज्युलिएटच्या सज्जातल्या प्रसिद्ध ओळीत ‘व्हेअरफोर’ आहे. त्याचा अर्थ ‘कुठे’ नव्हे, ‘का’: तू रोमिओच का आहेस, त्याच घराण्यातला का? हे अनुवादकानं बिनचूक केलं होतं. का? तर शब्द अनोळखी होता, म्हणून त्यानं शोधला. ‘नाइस’ शोधावा असं त्याच्या मनातच आलं नाही. दिवसातून दहा वेळा फोनवर आपण जो शब्द टाइप करतो, तो कोशात कोण बघतो? त्याचं इंग्रजी कच्चं असतं, तर ही चूक बहुधा झाली नसती.

कोणते पर्याय होते

प्रयोगाला सहा आठवडे होते. संहितेवर बसलेल्या बैठकीत चार सूचना आल्या.

दिग्दर्शकाचं म्हणणं, सापडलेल्या ओळी दुरुस्त करा आणि पुढे चला. नटांच्या तोंडात वाक्यं बसली आहेत, आता सगळी संहिता उसवली तर प्रयोग कोसळेल. हे म्हणणं हलकं घेण्यासारखं नव्हतं. सहा आठवड्यांत पाठ मोडून नवं बसवणं किती त्रासाचं, हे तालमीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

एका जुन्या सभासदाला हा अनुवाद बाजूला ठेवून आधीचा एखादा मराठी अनुवाद घ्यायचा होता. त्यावर फार वेळ गेला नाही. भाषा जुनी, परवानगीचा प्रश्न, आणि मुख्य म्हणजे एका माणसाची चार महिन्यांची मेहनत.

तिसरी सूचना स्वतः अनुवादकाची: आजच्या सोप्या इंग्रजीत केलेलं एखादं रूपांतर समोर ठेवून पुन्हा तपासू. मला हा पर्याय आधी पटला होता. काकूंनी तो खोडला. म्हणाल्या, “त्यांनी अर्थ लावला, तो आपण घेणार. मग आपलं काय? ज्ञानेश्वरी वाचताना मी मुलांना मूळ ओवी आधी वाचायला लावायचे. तिथं कौतुक म्हणजे नवल, लीला. आजचं शाबासकीचं कौतुक धरलं की ओवी हातातून सुटते. पण नुसतं भाषांतर दिलं, तर शब्द कुठे वळला ते पोरांना कधीच कळत नाही.”

चौथा पर्याय त्यातूनच निघाला. सबंध संहिता पुन्हा करायची नाही. पण मूळ नाटकातले ‘सोपे’ शब्द गोळा करायचे, आणि ते जिथे जिथे आले तिथे टिपांच्या प्रतीशी ताडून बघायचे. अवघड शब्दांना हात लावायचा नाही, ते त्यानं आधीच पाहिले होते.

निर्णय आणि त्यामागचं कारण

चौथा पर्याय धरला, पण एका अटीवर. दिग्दर्शकानं सांगितलं, की दोन आठवड्यांत जे सापडेल तेवढंच बदलायचं. त्यानंतर संहिता कुलूपबंद. ही अट तेव्हा मला जाचली होती. आज ती योग्य वाटते.

दुसरा निर्णय माणसाबद्दलचा होता. चुका सगळ्यांसमोर वाचून दाखवायच्या की नाही? पहिल्या दिवशी हॉलमध्ये जे झालं, त्यानंतर अनुवादक दोन तालमींना आला नव्हता. त्यालाच या तपासणीचा प्रमुख करायचं ठरवलं. मूळ ओळ तो वाचणार, टिपा मी बघणार, मराठी कानाला कसं लागतं ते काकू सांगणार. सापडलेली चूक ‘आपल्याला सापडली’ असंच म्हणायचं. तो परत आला, आणि त्यानंतर सर्वांत जास्त चुका त्यानंच शोधल्या.

प्रत्यक्षात काय केलं

रविवार सकाळी काकूंच्या घरी बसायचो. चहा, पोहे, तीन प्रती, एक वही.

पहिल्याच प्रवेशात सापडला ‘सॅडनेस’. बेनव्होलिओ रोमिओला म्हणतो, ‘टेल मी इन सॅडनेस, हू इज दॅट यू लव्ह.’ आम्ही केलं होतं, ‘दुःख बाजूला सारू नकोस, सांग तुझं प्रेम कुणावर आहे.’ वाक्य ओढूनताणून बसवलेलं होतं. तेव्हा ‘इन सॅडनेस’ म्हणजे मनापासून, थट्टा न करता. ‘खरं खरं सांग, कोण आहे ती?’ एवढंच. सोपं झालं, आणि दोन मित्रांमधलं वाटू लागलं.

इथे आमचा तोल गेला. एक किल्ली सापडली म्हणून तीच सगळ्या कुलपांना लावू लागलो. त्याच प्रवेशात थोडं आधी रोमिओ म्हणतो, ‘सॅड अवर्स सीम लाँग.’ तिथेही आम्ही ‘गंभीर घटका लांबतात’ असं करून टाकलं. तालमीत रोमिओचं काम करणाऱ्या मुलानं ते म्हटलं आणि चेहरा वाकडा केला. टीप पाहिली, तिथे साधा, आजचाच अर्थ होता. दुःखाचे तास सरत नाहीत. एकाच प्रवेशात, काही ओळींच्या अंतरावर, एकाच शब्दकुळाचे दोन अर्थ. शब्दाचा अर्थ बदलतो म्हणजे जुना जातो आणि नवा येतो असं होत नाही. दोघे बराच काळ एकाच घरात नांदतात. आम्ही वहीत पहिल्या पानावर लिहिलं, ‘प्रत्येक जागा वेगळी बघायची’, आणि आठवडाभरात घाईनं केलेले असे चार बदल मागे घेतले.

मग ‘फाँड’. रोमिओ जमिनीवर लोळून रडतो तेव्हा लॉरेन्स त्याला ‘फाँड मॅड मॅन’ म्हणतो. आम्ही केलं होतं ‘माझ्या लाडक्या वेड्या’. काकांनी ते इतक्या प्रेमानं म्हणायला सुरुवात केली होती, की पुढचा खरमरीत उपदेश कुठून आला ते कळेना. ‘फाँड’चा जुना अर्थ मूर्ख, खुळा. खुळ्यासारखा जीव लावणारा तो फाँड, आणि मग नुसता जीव लावणारा. ‘नाइस’ही मूर्खपणातून निघून चांगुलपणाला पोचला. ‘सिली’ मात्र उलट दिशेनं गेला: जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सुखी, देवाची कृपा असलेला, मग भोळा, मग बिचारा, शेवटी मूर्ख. आपला ‘भोळा’ त्याच रस्त्यावर अर्ध्यावर उभा आहे.

‘फाँड’साठी मराठीनं मात्र आयती सोय करून ठेवली होती. खूळ. माणूस खुळा असतो, आणि एखादीला साड्यांचं खूळ असतं. वेड हा शब्दही तसाच. वेडाही तो आणि क्रिकेटचं वेडही तेच. ‘अरे खुळ्या, वेड्या, ऐक जरा!’ काका ते म्हणाले आणि प्रवेश पहिल्यांदा उभा राहिला.

त्या रविवारी गाडी थोडी भरकटली. अनुवादकानं ‘किंग लिअर’मधली एक ओळ काढली, त्यात एक सोंगाड्या वेडा आपण उंदीर, घुशी आणि तसले ‘स्मॉल डिअर’ खाऊन राहिलो म्हणतो. छोटी हरणं? तर जुन्या इंग्रजीत ‘डिअर’ म्हणजे कुठलंही जनावर. आणि मग काकू हसायलाच लागल्या, कारण संस्कृतात ‘मृग’ही आधी कुठलंही रानटी जनावर. म्हणून तर सिंह मृगेंद्र आणि शिकार मृगया. दोन्हीकडे सगळ्या जनावरांतून एक हरीणच उरलं. कामाचं यात काही नव्हतं. पण त्या दिवसापासून अनुवादक या कामाला शिक्षा समजेनासा झाला.

‘किरकोळ’ की ‘खुशालीचं’

मूळ शब्दाचं काय करायचं, हे सर्वांत शेवटी ठरलं. ‘क्षुल्लक’ अचूक, पण पुस्तकी. काकांच्या तोंडी जड. ‘बारीकसारीक’ काकूंचा लाडका, पण पत्राला लागत नव्हता. ‘फालतू’ उथळ.

मग काका स्वतःच म्हणाले, “ते काही खुशालीचं पत्र नव्हतं रे!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या पिढीनं ‘इकडील सर्व क्षेम’ लिहिलेली कार्डं वाचली आहेत, तिला या चार शब्दांत सगळं कळतं: न पोचलं तरी चालणारं पत्र कोणतं आणि पोचायलाच हवं ते कोणतं. मलाही हाच शब्द हवा होता.

अनुवादकानं विरोध केला. त्याचं म्हणणं असं: शेक्सपिअरनं हा एकच शब्द दोन ठिकाणी ठेवलाय. भांडण क्षुल्लक होतं, आणि त्यात दोन माणसं मेली. पत्र क्षुल्लक नव्हतं, ते पोचलं नाही आणि दोन माणसं मेली. आपणही दोन्हीकडे एकच शब्द ठेवायला हवा. भांडणाला ‘खुशालीचं’ म्हणता येत नाही. ‘किरकोळ’ दोन्हीकडे चालतो.

लेखकानं ते मुद्दाम केलं होतं का, हे कोण सांगणार? पण दोन ओळी शेजारी ठेवल्यावर त्याचं म्हणणं नाकारता येईना. ‘भांडण किती किरकोळ आहे बघ, असं रोमिओ त्याला सांगत होता.’ आणि ‘ते पत्र किरकोळ नव्हतं रे! दोन जिवांचा प्रश्न होता त्यात.’ काकांना खुशाली सोडणं जिवावर आलं, तरी त्यांनी मान्य केलं. ‘डिअर इम्पोर्ट’चं ‘दोन जिवांचा प्रश्न’ हे थोडं मोकळं आहे, ते जाणूनबुजून केलं.

काय निष्पन्न झालं

दोन आठवड्यांत एकतीस जागा बदलल्या. बहुतेक एका शब्दाच्या. तालमीत त्यांचा त्रास दिग्दर्शकाला वाटला होता त्यापेक्षा कमी झाला, कारण ज्या ओळी चुकीच्या होत्या त्याच नटांच्या तोंडात बसत नव्हत्या. तीन जणांनी नंतर सांगितलं, की ती वाक्यं आपण विसरायचो आणि दोष स्वतःला द्यायचो.

पहिला प्रयोग झाला. काका ‘किरकोळ नव्हतं रे’ म्हणाले तेव्हा मी विंगेत होते; प्रेक्षकांत पूर्ण शांतता होती. तिसऱ्या अंकातला ‘किरकोळ’ कुणाला आठवला असेल का, ते कळायला मार्ग नाही. मला आठवला.

वेगळं काय करता आलं असतं

टिपांची प्रत पहिल्या दिवशी अनुवादकाच्या हातात ठेवायला हवी होती. ती माझ्या घरात होती. हे माझं चुकलं, त्याचं नाही.

पहिल्या वाचनात आम्ही अडलेल्या ओळींवर खुणा केल्या. खुणा करायला हव्या होत्या त्या वाक्य कळतं पण पात्राला शोभत नाही अशा जागांवर, आणि जिथे अनुवादकानं उपरोध धरला होता तिथे तर नक्कीच. अर्थ लागला नाही की आपण उपरोध धरतो, ही सवय मला त्यानंतर माझ्या स्वतःच्या वाचनातही दिसली. पुढच्या नाटकाला नटांकडून एक यादी मागवायची असं ठरवलं आहे: कोणत्या ओळी पाठ होत नाहीत? ती यादी कोशाआधी बघायची.

काकांचा प्रश्न पहिल्या दिवशी टाळला गेला, ओळ गाळून तालीम पुढे नेली. वेळ वाचला, पण तिसऱ्या अंकातली चूक आणखी दोन दिवस तशीच राहिली. ‘खुशालीचं’बद्दल मात्र माझं मन अजून दोन्हीकडे आहे. अनुवादकाचा युक्तिवाद पक्का होता. काकांचा शब्द जिवंत होता. पुन्हा वेळ आली तर कदाचित पाचव्या अंकात तो घेईन आणि तिसऱ्यातला दुवा सोडून देईन.

आणि एक जागा आमच्या हातून निसटली. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात नोकर बाल्थझार रोमिओला येऊन सांगतो, की ज्युलिएटला तळघरात ठेवलेलं मी पाहिलं ‘अँड प्रेझेंटली टुक पोस्ट’, आणि टपालाच्या घोड्यावरून निघालो. आम्ही केलं होतं, ‘आणि थोड्या वेळानं निघालो.’ शेक्सपिअरच्या काळी ‘प्रेझेंटली’ म्हणजे त्याच क्षणी. नंतर तो शब्द ‘थोड्या वेळानं’वर घसरला, कारण माणसं ‘आत्ताच’ म्हणतात आणि मग येतात. इंग्रजी ‘सून’चंही तेच झालं. ज्युलिएट सज्जातून दाईला ओ देते तो ‘अनॉन’ही मुळात ‘लगेच’च. आपल्या ‘आलेच हं’वर किती वेळ वाट बघावी लागते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

पण इथे एका शब्दावर नाटक उभं आहे. नोकर तडक निघाला, म्हणून मरणाची बातमी आधी पोचली. पत्र बंद दारामागे अडकलं. आमचा बाल्थझार रमतगमत निघत होता आणि तरी पहिला पोचत होता. मला हे दुसऱ्या प्रयोगाला, विंगेत उभं असताना, ओळ कानावर पडल्यावर कळलं. संहिता कुलूपबंद होती. प्रयोग संपल्यावर मी दिग्दर्शकाला गाठलं. त्यानं घड्याळ पाहिलं, बाल्थझारचं काम करणाऱ्या मुलाला हाक मारली, आणि काकूंनी प्रॉम्प्टच्या प्रतीत ‘थोड्या वेळानं’ खोडून वर पेन्सिलीनं लिहिलं: तडक.